इंद्रायणीत हवा गिळणारेच उरणार का?

देहूरोडच्या उत्तरेला इंद्रायणी आहे आणि दक्षिणेला, किवळे-रावेतच्या अंगाने, पवना. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत दोघींचीही नावे आहेत. इंद्रायणीवर फेसाचे थर तरंगू लागले की छायाचित्रे छापून येतात, वारीच्या तोंडावर आरडाओरडा होतो, नोटिसा निघतात. मासे मरून काठाला लागले की पाण्याचे नमुने नेले जातात. मग दोनच प्रश्न विचारले जातात : सांडपाणी कोणाचे होते आणि मासे किती मेले. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि धोक्याची खरी घंटा आम्हाला तिथे ऐकू येते : मेले ते कोणते मासे, आणि जगले ते कोणते?

याचे उत्तर माशाच्या शरीरात आहे. बाजारातून आणलेल्या ताज्या माशाच्या डोक्यामागचे झाकण उचलून पाहावे. आत हाडाच्या कमानी असतात आणि प्रत्येक कमानीवर लालभडक तंतूंची झालर. हे कल्ले. भिंगाखाली धरले तर प्रत्येक तंतूवर आणखी बारीक पापुद्रे दिसतात, एकाला एक लागून, शेकड्याने. पाणी या पापुद्र्यांवरून एका दिशेने वाहते आणि आतले रक्त बरोबर उलट दिशेने. त्यामुळे रक्त पुढे जाते तसे त्याला अधिकाधिक ताजे पाणी भेटत राहते आणि अखेरच्या टोकापर्यंत प्राणवायू शोषला जातो. ही काटकसर माशाला करावीच लागते. पंचवीस अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तेवढ्याच हवेत तो त्याच्या तीसपटीहून अधिक असतो. कोट्यवधी वर्षांत घडलेले हे यंत्र इतक्या अल्प भांडवलावर चालते की भांडवलात थोडी खोट आली तरी ते बंद पडते.

मैलापाणी नदीत आले की त्यातली घाण कुजवणारे जिवाणू आधी त्या प्राणवायूवर ताव मारतात. जलपर्णी आणि शेवाळ दिवसा प्राणवायू देतात खरे, पण रात्री तेही श्वासच घेतात. म्हणून पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी होतो तो पहाटे, सूर्य उगवण्याच्या थोडा आधी. मेलेले मासे सकाळी दिसतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. रात्री कोणी विष टाकलेच असेल असे नाही. त्यात फेसाची भर. साबण आणि धुलाईची रसायने कल्ल्यांवरच्या बुळबुळीत संरक्षक थराला धुऊन काढतात, पापुद्रे सुजतात, एकमेकांना चिकटतात. मग पाण्यात आहे तो प्राणवायूही आत येत नाही. स्नानयोग्य पाण्यात लिटरला किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, हा सरकारी निकष आपल्या अंघोळीसाठी आहे. माशाच्या दृष्टीने तो जगण्या-मरण्याचा आकडा आहे.

आता जगतात कोण ते पाहू. मरळीच्या कल्ल्यांच्या वरच्या बाजूला हवेसाठी एक पोकळी असते. शिंगीच्या कल्ल्यांपासून निघून दोन लांब हवापिशव्या पाठीच्या कण्याच्या कडेने मागे शेपटीच्या दिशेने जातात. मांगूरच्या कल्ल्यांवर लहान झाडासारखे फांद्याफांद्यांचे एक इंद्रिय असते. हे मासे वर येतात, तोंडाने हवा घेतात आणि पुन्हा खाली जातात. त्यांच्यात निसर्गाने केलेली ही सोय उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यांसाठी आणि चिखलासाठी होती. तिचा उपयोग आज गटार झालेल्या नदीत होतो आहे. त्यांच्या जोडीला परदेशी पाहुणे आहेत. बाजारात थाई मांगूर म्हणून विकला जाणारा मासा मुळात आफ्रिकेतला. देशात त्याच्या पालनावर बंदी असूनही तो चोरून पाळला जातो आणि पुरात सुटून नद्यांत शिरतो. चिलापीला हवेसाठी वेगळे इंद्रिय नाही, पण ती पृष्ठभागालगतच्या पाण्याच्या पातळ थरावर तग धरते आणि अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते. उजनीच्या काठावरच्या कोणत्याही मच्छीमाराला विचारा, जाळ्यात काय येते ते तो सांगेल.

जातात ते दुसरे. आणि इथे पुण्याचेच नाव लावलेला एक मासा पुढे ठेवला पाहिजे. ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस असे त्याचे शास्त्रीय नाव. सुंदरलाल होरा या भारतीय मत्स्यशास्त्रातल्या थोर माणसाने १९३८ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून त्याचे वर्णन केले. बोटाएवढा, मिशा असलेला, चपट्या पोटाचा मासा. त्याला उताणा केला की छातीवर, दोन पुढच्या परांच्या मधोमध, कातडीच्या बारीक चुण्या दिसतात, साडीच्या निऱ्यांसारख्या एकाला एक लागून घातलेल्या. या चुण्यांच्या जोरावर तो धो-धो वाहणाऱ्या पाण्यात दगडाला धरून राहतो. होरांनी १९३० मध्येच डोंगरी प्रवाहांत राहणाऱ्या जीवांच्या शरीररचनेवर लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर प्रबंध लिहिला होता. पाण्याचा जोर वाढतो तसतसे शरीर चपटे कसे होते, ओठांची, परांची आणि छातीच्या कातडीची पकड कशी तयार होते, हे त्यांनी एकेक जात घेऊन दाखवले. वेगवेगळ्या कुळांतल्या, एकमेकांशी नाते नसलेल्या माशांत तीच अडचण तेच उपाय घडवते, ही गोष्ट भारतातल्या ओढ्यांनी जगाला शिकवली.

तो पूनाएन्सिस पुढे पुणे शहराजवळच्या पाण्यातून नाहीसा झाला. २०११ मध्ये नीलेश दहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातून तो पुन्हा सापडल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा अभ्यासकांना झालेला आनंद खरा होता. पण ज्या माशाला गावाचे नाव आहे तो त्या गावातच उरू नये आणि पुन्हा सापडला ही बातमी व्हावी, याचा अर्थ आपण नीट घेतला नाही. छातीवरच्या चुण्या धरण्यासाठी स्वच्छ, खरखरीत दगड लागतो. त्यावर मैल्याचा बुळबुळीत थर बसला, वाळूउपशाने तळ उसकटला, बंधाऱ्याने प्रवाह थांबवला, तर ती चुणी कशाला धरणार? लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगवून कामशेतवरून खाली येणारी इंद्रायणी कुंडमळ्यापाशी काळ्या कातळातून वाहते. जून २०२५ च्या पूल दुर्घटनेनंतर ते ठिकाण महाराष्ट्राला ठाऊक झाले. अशा खडकाळ, खळाळत्या जागा हेच या माशांचे घर. पुढे देहू, मोशी, आळंदीकडे नदी जाते तसे हे घर मोडत जाते.

म्हणून आम्ही म्हणतो की हा केवळ माशांची संख्या घटण्याचा प्रश्न नव्हे. एका नदीत शरीराच्या जितक्या तऱ्हा होत्या, त्या एकेक करून पुसल्या जाताहेत. दगडाला चिकटणारे शरीर, धारेविरुद्ध पोहणारे शरीर, वाळूत लपणारे शरीर जाते. हवा गिळणारे शरीर राहते. मत्स्योत्पादनाच्या आकड्यांत हे कधीच दिसणार नाही, कारण चिलापी आणि मांगूर वजनाला भरपूर भरतात. सरकारी अहवालात नदी जिवंत दिसेल आणि तिच्यातली निम्मी शरीरविद्या मेलेली असेल.

देहूच्या डोहातल्या माशांना हात लावायचा नाही, ही या भागातली जुनी श्रद्धा. गाथा तरल्याची कथा ज्या इंद्रायणीशी जोडली आहे तिथले मासे देवाचे मानले गेले. भाविकांनी कणकेच्या गोळ्या घातल्या, पण गळ टाकला नाही. महाराष्ट्रात अशा जागा आणखी आहेत. महाडजवळचा वाळणकोंड त्यातला प्रसिद्ध. या डोहांनी जे काम केले ते कोणत्याही खात्याला जमलेले नाही : महाशीर राखला. आणि महाशीर राखणे म्हणजे काय राखणे, हे त्याच्या शरीरात पाहिल्याशिवाय कळत नाही.

महाशीरच्या जबड्यात एकही दात नसतो. दात असतात घशात. कल्ल्यांच्या शेवटच्या कमानीचे रूपांतर दातांच्या पट्टीत झालेले असते, तीन ओळींत रचलेले दात, आणि ते कवटीच्या बुडाशी असलेल्या कठीण गादीवर घासून मासा गोगलगायी, खेकडे आणि फळे चिरडतो. म्हणजे श्वासाचे हाड चघळायला लागले. याच्याही आधी, सगळ्या जबडेवाल्या प्राण्यांच्या पूर्वजांत, कल्ल्यांच्या सर्वांत पुढच्या कमानीपासून जबडाच घडला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. महाशीरला ऐकूही उत्तम येते. १८२० मध्ये वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की रोहू-महाशीरच्या आणि मिशावाल्या माशांच्या शरीरात हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत इवल्या हाडांची साखळी असते. पाण्यातला आवाज पिशवीला हलवतो, पिशवी हाडांना आणि हाडे कानाला. ही हाडे पाठीच्या मणक्यांपासून आणि बरगड्यांपासून घडली आहेत. आपल्या कानातही इवल्या हाडांची साखळी आहे, पण तिचा उगम वेगळा : त्यातली दोन हाडे आपल्या दूरच्या पूर्वजांच्या जबड्याच्या सांध्यातून आली, हे रायशर्ट या दुसऱ्या जर्मनाने १८३७ मध्ये भ्रूणांच्या अभ्यासातून सुचवले आणि पुढच्या संशोधनाने ते पक्के झाले. ऐकण्याची एकच गरज, आणि ती भागवायला माशाने मणका वापरला, आपल्या वंशाने जबडा. देहूच्या घाटावर कणकेची गोळी पाण्यात पडल्यावर जो मासा वळतो, त्याच्या मानेत हा सगळा इतिहास आहे.

हा मासा जगाला पुण्यानेच दिला. मुंबई सरकारच्या सेवेतले विल्यम हेन्री साइक्स यांनी १८२० च्या दशकात दख्खन पालथा घातला आणि १८३९ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. टॉर खुद्री हा महाशीर त्यांनी पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतून नोंदवला. कोळ्यांनी सांगितलेली नावेच त्यांनी अनेक माशांना दिली, म्हणून आजही जगभरच्या ग्रंथांत मराठी उच्चार जिवंत आहेत. शिरूरजवळ घोड नदीतून त्यांनी मुसुल्ला नावाचा आणखी एक मासा नोंदवला. या दुसऱ्या माशाची पुढची कहाणी प्रत्येक नदी सुधार प्रकल्पाच्या अधिकाऱ्याने वाचली पाहिजे.

मुसुल्ला हे नाव पुढच्या अभ्यासकांनी कावेरीतल्या प्रचंड, पाठीवर उंचवटा असलेल्या महाशीरला लावले. नाव लागले आणि सगळे निर्धास्त झाले. शरीराची मोजमापे पुन्हा कोणी घेतली नाहीत. २०१३ मध्ये जुनी वर्णने आणि नमुने पुन्हा तपासल्यावर उघड झाले की साइक्सचा मुसुल्ला महाशीर नव्हताच. तो हायप्सेलोबार्बस या निराळ्या प्रजातीतला. म्हणजे पन्नास किलोच्या वर वाढणारा, एकोणिसाव्या शतकापासून साऱ्या जगातल्या शिकाऱ्यांना ठाऊक असलेला कावेरीचा मासा शास्त्राच्या दफ्तरात बिननावाचा होता. २०१८ मध्ये शरीराची मोजमापे आणि जनुके दोन्ही तपासून तो टॉर रेमादेवी असल्याचे ठरले, तोवर त्याची अवस्था अतिसंकटग्रस्त झाली होती. त्याला या अवस्थेला आणणाऱ्या कारणांपैकी एक दुर्दैवाने आपल्याच भागातून गेले. लोणावळ्यात टाटांच्या धरणांपाशी १९७० च्या दशकात महाशीरची कृत्रिम पैदास सुरू झाली. काम मोलाचे होते. टॉर खुद्रीला संकटग्रस्त यादीतून बाहेर काढण्यात त्याचा वाटा मोठा मानला जातो. पण त्या पिल्लांचे बोटुकले देशभर वाटले गेले, कावेरीतही गेले, आणि तिथे या पाहुण्याने घरच्या माशाला मागे सारले. सदिच्छेत काही खोट नव्हती. कोणते शरीर कुठले, हे माहीत नसताना सदिच्छा राबवली गेली.

ही चूक इंद्रायणीत पुन्हा होऊ शकते. नदीत मासे सोडण्याचे समारंभ सोपे असतात. छायाचित्र चांगले येते. कोणते बोटुकले, कोणत्या खोऱ्यातले, कोणी तपासले, हे विचारल्याशिवाय एकही पिशवी पाण्यात उलटी करू नये, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

विचारायचे कोणाला, हा पुढचा आणि अधिक बोचरा प्रश्न. उत्तर देहूरोडपासून रेल्वेने एका स्थानकावर आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीला आहे. या विभागाचे काम पुण्यात १९५९ मध्ये सुरू झाले. पालखी देहूहून निघून ज्या आकुर्डीला मुक्कामाला येते, तिथेच महाराष्ट्राच्या नद्यांतल्या जीवांचे जतन केलेले नमुने बरण्यांत ठेवलेले आहेत. पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? शहराच्या सहलींच्या नकाशावर, शाळांच्या भेटींच्या यादीत, नदी प्रकल्पांच्या बैठकांत या केंद्राचे नाव ठळकपणे यायला हवे. त्या बरण्या म्हणजे नदीची जुनी खतावणी आहे. १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी केली, १९४४ मध्ये सटर यांनी, त्या आसपास होरा आणि मिश्रांनी. त्या याद्या आणि ते नमुने होते म्हणूनच २००३ मध्ये पुण्याच्या संशोधकांना करंट सायन्समध्ये लिहिता आले की पुणे जिल्ह्यातल्या माशांत दीर्घकाळात काय बदल झाला. २०१२ मध्ये इंद्रायणीच्या माशांवर दहाणूकर, पैंगणकर, राऊत आणि खरात यांचा शोधनिबंध आला. एवढ्याशा नदीत पन्नासहून अधिक जाती नोंदल्या गेल्या. नदीची खरी श्रीमंती ती. तिची नियमित उजळणी होते का? कोण करणार, कोणाच्या पगारात?

प्राणिशास्त्राच्या वर्गातून शरीररचनेचा अभ्यास हळूहळू हद्दपार झाला, हे बोलायला अनेक जण कचरतात, कारण त्यात बेडकाचा प्रश्न येतो. आम्ही तो टाळत नाही. बेडूक आणि मासे फाडण्याची महाविद्यालयीन पद्धत बंद करायला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये सांगितले आणि २०१४ मध्ये ती बंदच केली. निर्णय योग्य होता. शेतातून आणि ओढ्यांतून पोत्याने पकडलेले बेडूक दरवर्षी टेबलावर मारणे समर्थनीय नव्हतेच. त्याआधी परदेशी ताटांसाठी होणारी बेडकांच्या पायांची निर्यात १९८७ मध्ये थांबली, तीही योग्यच. पण सुरी काढून घेतली तेव्हा हातात दुसरे काय दिले? संगणकावरची रंगीत चित्रफीत. त्यात हाडाला वजन नाही, सांध्याला हालचाल नाही, दोन जातींतला केसभर फरक नाही. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला मरळ आणि मांगूरच्या कवटीतला फरक ओळखता येत नसेल तर दोष त्याचा नाही.

पर्याय आहेत आणि कोणताही जीव न मारता ते वापरता येतात. नदीत मेलेल्या, बाजारात उरलेल्या छोट्या माशाचे मांस पाचक द्रव्याने पारदर्शक करता येते. मग एका रंगाने हाडे लाल होतात आणि दुसऱ्याने कूर्चा निळी. काचेच्या नळीत बोटाएवढा मासा असा उभा राहतो की त्याच्या पाठीतला मणकान् मणका मोजता यावा. एकदा तयार केलेला असा नमुना वर्षानुवर्षे वापरता येतो. दुसरा पर्याय सूक्ष्म सीटी स्कॅनचा. अमेरिकेतल्या अठरा संस्थांनी एकत्र येऊन २०१७ ते २०२३ मध्ये तेरा हजारांहून अधिक पृष्ठवंशी नमुन्यांची त्रिमिती चित्रे काढली आणि जगात कोणालाही पाहता येतील अशी खुली केली. संग्रहालयातली बरणी न फोडता, साप न कापता, त्याच्या पोटातला शेवटचा घास दिसतो.

आता आपल्या पट्ट्याकडे पाहा. पिंपरी-चिंचवड ते चाकण हा देशातल्या वाहन उद्योगाचा कणा आहे. ओतीव भागात आत कुठे भेग किंवा पोकळी राहिली ते शोधायला या उद्योगात क्ष-किरण आणि सीटी तपासणी वापरली जाते. इंजिनाच्या भागातला केसाएवढा तडा दाखवणारे यंत्र माशाच्या घशातले दातही दाखवू शकते. वर्षातून काही दिवस ही यंत्रे आकुर्डीच्या बरण्यांसाठी मिळाली, सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून दोन तरुण शरीरशास्त्रज्ञांना पगार मिळाला, तर सह्याद्रीच्या माशांचा पहिला खुला त्रिमिती संग्रह याच पट्ट्यातून उभा राहील. नदीकाठी झाडे लावून फलक उभारण्यापेक्षा हे काम कितीतरी अधिक टिकेल.

उपयोग काय, असे विचारणारे भेटतीलच. पुण्याच्या प्रयोगशाळांत आज ज्या झेब्रा माशावर हृदयाचे, मेंदूचे, जखम भरून येण्याचे प्रयोग चालतात, तो महाशीरच्याच मोठ्या गोतावळ्यातला आहे. २०१३ मध्ये त्याचा जनुकसंच पूर्ण वाचला गेला तेव्हा माणसाच्या सुमारे सत्तर टक्के जनुकांची भावंडे त्याच्यात सापडली. प्रयोगशाळेच्या काचेच्या टाकीत या कुळावर कोट्यवधी रुपये खर्च होतात, आणि काही मैलांवर त्याचे नातलग फेसाखाली गुदमरतात.

नदीच्या वरच्या अंगालाही हेच. लोकलने देहूरोडहून लोणावळ्याकडे जाताना आपण पृष्ठवंशी प्राण्यांच्या इतिहासातून जात असतो. खंडाळ्याच्या मातीतून १९६० मध्ये टेलर यांनी देवगांडुळाची एक नवी प्रजाती नोंदवली, इंडोटिफ्लस बॅटर्सबाय. गांडुळासारखा दिसणारा हा प्राणी बेडकाचा नातलग आहे, त्याला पाठीचा कणा आहे, घट्ट कवटी आहे, आणि जबडा मिटायला इतर प्राण्यांत न आढळणारी स्नायूंची दुहेरी रचना आहे. तोंडाने माती फोडत जाणाऱ्याला तिची गरज पडते. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक इवली शुंडिका असते, तिने तो वास घेतो. याच घाटात पावसाळ्यात पाणी झिरपणाऱ्या कड्यांवर इंडिराना बेडकांची पिल्ले पाण्याबाहेर, ओल्या दगडावर चिकटून वाढतात. मासा जमिनीवर कसा आला असेल, हे पुस्तकात वाचायचे. इथे त्याची आठवण करून देणारे जिवंत प्राणी डोळ्यांसमोर आहेत. दुसऱ्या घरांसाठी डोंगर कापताना, रस्ते रुंद करताना, कड्यावरचा झिरपा वळवताना त्यांची नोंद कोणत्या कागदावर होते?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. मासे मेले की पाण्याच्या बाटलीबरोबर मेलेले मासेही ताब्यात घ्यावेत, जातीनिहाय ओळखावेत, काहींचे कल्ले औषधी द्रावात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावेत. प्राणवायू संपून मेलेल्या माशाचे आणि रसायनाने भाजलेल्या माशाचे कल्ले सारखे नसतात; गुन्हेगार शोधायला तो पुरावा लागतो. हे नमुने आकुर्डीच्या केंद्रात क्रमांकासह जमा व्हावेत. पिंपरी-चिंचवड महापालिका, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, देहूरोड छावणी मंडळ आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी यासाठी एकच लिखित पद्धत ठरवावी, म्हणजे हद्दीच्या वादात मासा कुजणार नाही. मैलापाण्याचा थेंबही प्रक्रियेशिवाय नदीत जाऊ नये, ही मागणी जुनी आहे आणि ती पूर्ण होईपर्यंत रोज करावी लागेल. कारखान्यांकडे बोट दाखवणे सोयीचे असले तरी नव्याने उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांचे घरगुती सांडपाणी या पापात बरोबरीचे भागीदार आहे.

आणि नदीकाठ सुधार प्रकल्पांबाबत एक अट आम्ही विनातडजोड मांडतो. तळाला दगडी पिचिंग, काठाला काँक्रीट, मध्ये संथ पाण्याचा देखणा तलाव, अशा आराखड्यात छातीवर चुण्या असलेल्या माशाला जागा नाही. तिथे चिलापीच राहणार. म्हणून इंद्रायणी-पवनेवरचे काम सुरू होण्याआधी उगमापासून संगमापर्यंत माशांची आणि उभयचरांची पाहणी व्हावी, तीही एका पावसाळ्याची आणि एका उन्हाळ्याची. खळाळ आणि डोह कुठे कुठे आहेत ते नकाशावर आखून त्या जागा बांधकामातून वगळाव्यात. पाहणीचा अहवाल मराठीत, निविदा उघडण्यापूर्वी, देहू, देहूरोड आणि आळंदीच्या नागरिकांसमोर ठेवावा, आणि त्यावर हरकती घ्यायला पूर्ण दोन महिने द्यावेत.